ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनो, ब्रेक शिकवलात पण अंतर राहिलं

तमाम ड्रायव्हिंग स्कूलचे मालक, ऑफिसातल्या मॅडम, आणि मुख्य म्हणजे डावीकडच्या सीटवर बसून स्वतःच्या पायाखालच्या जादा ब्रेकवर भरवसा ठेवून आम्हाला शिकवणाऱ्या सगळ्या सरांना,

नमस्कार. मी तुमच्यातल्याच एकांची जुनी विद्यार्थिनी. कुठल्या स्कूलची ते सांगत नाही कारण माझी तक्रार एका स्कूलवर नाहीये, आणि आमचे सर माणूस म्हणून फार चांगले होते, मी सिग्नलला चार वेळा गाडी बंद पाडली तरी ओरडले नाहीत. वयाच्या अडतिसाव्या वर्षी शिकायला गेले, सकाळी साडेसहाची बॅच, मागच्या सीटवर आणखी दोघी आपला नंबर यायची वाट बघत बसलेल्या. नियमात किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे १० तास असं लिहिलंय हे मला नंतर कळलं, आमचे किती झाले ते विचारू नका. पण शिकले मी. हाफ क्लच शिकले, चढावर गाडी मागे न जाऊ देता उचलायला शिकले, रिव्हर्स शिकले, टेस्टला पहिल्याच फटक्यात पास झाले आणि घरी पेढे आणले.

एक गोष्ट मात्र त्या सगळ्या दिवसांत कोणी सांगितली नाही, ती म्हणजे पुढच्या गाडीपासून लांब किती राहायचं. सर एकदा म्हणाले होते, "पुढच्याला चिकटू नका." पण चिकटणं म्हणजे किती हो? एक फूट, एक गाडी, पाच गाड्या? मी आपलं ठरवून टाकलं की पुढच्याचा नंबर नीट वाचता येतोय म्हणजे बरोबर आहे. कुठून काढलं हे माप देव जाणे.

तर झालं असं. जुलैचा पाऊस, आमच्या पुण्याचा बायपास, वारज्याकडून कात्रजच्या दिशेला चालले होते. स्पीड पन्नासच्या आसपास, म्हणजे मी काही उडवत नव्हते. पुढे एक पांढरी सेडान, चालवणारे एक वयस्कर काका. त्यांच्या पुढे कुठेतरी पाणी साचलेलं बघून सगळे एकामागोमाग हळू झाले, काकांनी ब्रेक मारला, मीही मारला, पूर्ण मारला, आणि पायाखाली पेडल थडथड थडथड हलायला लागलं. मला वाटलं काहीतरी तुटलं, घाबरून अर्ध्या सेकंदासाठी पाय उचलला. नंतर गॅरेजवाल्याने सांगितलं की ताई ते एबीएस होतं, चाकं लॉक होऊ नयेत म्हणून ते तसंच हलतं, अशा वेळी पाय अजून दाबून धरायचा. आता बोला. आठ वर्षं मी असल्या पेडलची गाडी चालवतेय आणि ते पेडल थडथडतं ही माहिती मला अपघातानंतर मिळते!

धाड. आणि मग मागून धाड. मागे पिकअप होता, भाजीचे रिकामे क्रेट भरलेला.

खाली उतरले तेव्हा तिघंही एकदम बोलत होतो. पिकअपवाला मला म्हणतोय, "मॅडम एवढा अर्जंट ब्रेक कशाला मारला?" आणि मी काकांना सांगतेय, "काका मी थांबले होते हो, मला याने मागून ढकललं म्हणून तुम्हाला लागलं." मी हे अगदी मनापासून बोलत होते, मला खरंच तसं वाटत होतं. काका छत्री उघडत शांतपणे म्हणाले, "ताई, मला दोन झटके बसले. पहिला लहान, दुसरा मोठा."

त्या वाक्यावर माझी केस संपली. कारण तीन गाड्या एकात एक शिरल्या की मधल्याचा दोष ठरतो तो नेमका याच्यावर. मधली गाडी आधी थांबली होती आणि मागच्याने तिला ढकलून पुढच्यावर घातली, तर पुढच्याला एकच झटका बसतो आणि दोष सहसा शेवटच्याचा. पण झटके दोन असतील तर पहिला मधल्याचा स्वतःचा, आणि तो त्याला कोणी ढकलल्यामुळे बसलेला नसतो. गॅरेजवाल्यानेही माझा पुढचा बंपर बघून तेच सांगितलं, जोरात ब्रेक लागला की गाडीचं नाक खाली जातं, त्यामुळे मार वरच्या बाजूला बसलाय, म्हणजे ब्रेक लागलेला असतानाच ठोकलंय. म्हणजे काकांची डिकी थोडी माझ्या नावावर, थोडी पिकअपच्या, आणि माझी डिकी पूर्ण पिकअपची. चौकीवर गेलो तर तिथे "आपसात मिटवा", मिटवलं. पैसे किती गेले ते इथे लिहीत नाही, हे पत्र आमच्या घरातले पण वाचतील.

त्यानंतर मी जरा खोदकाम केलं. माझा मावसभाऊ मोटार अपघाताच्या क्लेमची कामं करणारा वकील आहे, त्याचं डोकं खाल्लं. आणि जे कळलं ते तुम्ही आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं होतं असं मला वाटतं, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे रस्त्यावरचा कायदा दोन वाक्यांत संपतो. एक, मोठी गाडी ती चुकली. दोन, मागचा तो चुकला. पहिलं तर कायद्यात कुठेच नाही. दुसरं बरंचसं खरंय पण अर्धवट. १९८९ च्या रस्ता नियमांमध्ये २३ वा नियम होता की पुढची गाडी अचानक हळू झाली किंवा थांबली तरी धडक होणार नाही एवढं पुरेसं अंतर मागच्याने ठेवायचं. बघा, "अचानक" हा शब्द नियमातच आहे! म्हणजे "त्याने अचानक ब्रेक मारला" ही जी आपली सगळ्यांची पहिली सबब असते ती नियमाने आधीच खाऊन टाकलेली आहे. आणि लगेच पुढचा २४ वा नियम काय, तर सुरक्षिततेसाठी गरज असल्याशिवाय कोणी एकदम ब्रेक मारायचा नाही. २०१७ ला जुने नियम जाऊन नवे आले तरी या दोन्ही गोष्टी राहिल्या. जोडी आहे ती, सासू-सुनेसारखी, एकीचं ऐकलं की दुसरीचंही ऐकावं लागतं.

एप्रिल २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला. एक मारुती कार ट्रकच्या मागे चालली होती, अंतर दहा-पंधरा फूट, ट्रक हळू झाला, कार मागून घुसली. कारमधल्या लोकांचं म्हणणं ट्रकवाल्याने अचानक ब्रेक मारला. कोर्टाने दोष कार चालवणाऱ्यावर ठेवला आणि "पुरेसं अंतर" म्हणजे किती याचं एक ढोबळ माप पण सांगून टाकलं, परिस्थिती एकदम चांगली असताना दोन ते तीन सेकंद. फूट नाही, मीटर नाही, सेकंद. मी घरी कागदावर हिशोब केला. साठच्या स्पीडला गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. पंधरा फूट म्हणजे साडेचार मीटर, म्हणजे पाव सेकंदाच्या थोडं वर. आणि माणसाला लाल दिवा बघून, डोक्यात शिरून, पाय ब्रेकवर न्यायलाच एक ते दीड सेकंद लागतो. म्हणजे पंधरा फुटांवर चालणारा माणूस ब्रेक दाबेपर्यंत पुढच्याच्या डिकीत पोचलेला असतो, मग तो कितीही चांगला ड्रायव्हर असो. आपण सगळे बायपासवर अशीच तर चालवतो. ट्रकच्या मागे "सुरक्षित अंतर ठेवा" लिहिलेलं असतं ना, ते वाचता येईपर्यंत आपण जवळ गेलेलो असतो.

पण म्हणून पुढचा कायम सुटतो असं नाही हां. २९ जुलै २०२५ चा सुप्रीम कोर्टाचाच निकाल आहे, तो तर प्रत्येक स्कूलच्या भिंतीवर लावावा असा. २०१७ मधली कोईम्बतूरची घटना. इंजिनीअरिंगचा एक मुलगा मोटरसायकलवर, पुढे कार. कारवाल्याने हायवेवर एकदम गाडी थांबवली, कारण सांगितलं की बायको गरोदर होती, तिला उलटीसारखं झालं. मुलगा मागून कारला धडकला, खाली पडला, आणि मागून येणारी बस त्याच्यावरून गेली. डावा पाय गेला त्याचा. आता आपल्या चौकातल्या न्यायाने बघितलं तर मागचा तो चुकला, विषय संपला, आणि ट्रिब्युनलनेही (अपघाताच्या भरपाईचा पहिला निकाल देतं ते) कारवाल्याला मोकळंच सोडलं होतं. सुप्रीम कोर्टाने काय केलं, कारवाला ५० टक्के, बसवाला ३० टक्के, आणि मुलगा २० टक्के. हायवेवर गाड्या वेगात येणार हे धरूनच चालायचं असतं, थांबायचं तर मागच्यांना सिग्नल द्या, इशारा द्या, अशी ती भूमिका. आणि मुलाचे २० टक्के कशाबद्दल? अंतर नव्हतं आणि लायसन्स नव्हतं. सगळी मिळून भरपाई एक कोटीच्या वर निघत होती, त्यातून त्याचे २० टक्के वजा झाले. म्हणजे कितीतरी लाख रुपये त्या कमी पडलेल्या अंतरात आणि न काढलेल्या लायसन्समध्ये गेले. पायाचं तर काय बोलायचं.

मावसभाऊ म्हणतो क्लेमच्या कोर्टात विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो, तुमच्या पक्षकाराने अंतर किती ठेवलं होतं. आणि आमचे पक्षकार सांगतात, "साहेब रोजच्यासारखंच." (हे त्याने हसत सांगितलं, मला हसू नाही आलं.)

उभ्या गाडीचं अजून वेगळंच. रात्री हायवेच्या मध्ये लाइट न लावता, रिफ्लेक्टर नाही, फांदी नाही दगड नाही, असा एक ट्रेलर कर्नाटकात उभा होता, त्यावर मागून कार आदळली. त्यात २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोष ट्रेलरवाल्याचाच धरला, कारवाल्यावर अर्धा दोष टाकणारे खालचे निकाल मानले नाहीत. धोकादायक पद्धतीने गाडी सोडून जाऊ नये असं मोटार वाहन कायद्याचं १२२ वं कलमच आहे. ज्यांची स्कूल सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नगरकडे आहे त्यांना हे मी काय सांगणार, उसाचा सीझन लागला की दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, लाल पट्टी असलीच तर चिखलाने माखलेली, आणि वरून उसाचं वाढं खाली लोंबकळतंय त्यामुळे ट्रॉली कुठे संपते तेच कळत नाही. त्याच्यात मागून घुसणाऱ्या बाइकवाल्याची चूक म्हणायची का? कोर्टात कदाचित नसेल, पण कोर्टात जायला तो राहिला पाहिजे ना. म्हणून रात्री आपल्या हेडलाइटचा उजेड जिथपर्यंत पडतो तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे, स्पीड त्याच्या वर न्यायचा नाही. हे पण कोणी शिकवलं नाही मला. आमची बॅच सकाळी साडेसहाची होती, रात्र काय असते ते आम्हाला लायसन्स मिळाल्यावर समजलं.

तुम्हाला वाटेल एका बंपरवरून बाई एवढी काय मागे लागली. केंद्राच्या रस्ते मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल बघा. देशभरात ४,६१,३१२ अपघात, १,६८,४९१ माणसं गेली, आणि अपघाताच्या प्रकारांत सगळ्यात जास्त कुठला, तर मागून धडक, जवळपास २१ टक्के. समोरासमोर नाही, मागून! आपण सगळे समोरून येणाऱ्याला घाबरतो आणि पुढे चाललेल्याच्या डिकीला नाक लावून बसतो.

आणि आपल्या पुण्याला तर सांगायलाच नको. नवले पुलाचा उतार. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड गाडीने तिथे ४८ गाड्या ठोकल्या होत्या. कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडलं की उतार सुरू होतो आणि लांबच लांब चालतो, डिझेल वाचवायला न्यूट्रलवर टाकतात, मग इंजिनचा धरून ठेवणारा जोर जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरतानाही हेच. तिथे छोट्या गाडीवाल्याने पुढे अंतर ठेवून काय उपयोग असं मला एक जण म्हणाला. उपयोग आहे ना दादा, मागून काही येताना दिसलं तर बाजूला निघायला पुढे जागा लागते, पुढच्याला चिकटलेला माणूस कुठे जाणार? पण उताराला गिअरवरच गाडी उतरवायची, न्यूट्रल करायची नाही, हे तुमच्यातले कितीजण प्रत्यक्ष उतारावर नेऊन दाखवतात?

आता तुमचं उत्तर मला माहितीये. "मॅडम, अंतर ठेवलं की रिक्षा घुसते." घुसते. शंभर टक्के घुसते. रिक्षा घुसते, मग तिच्या मागून बाइक घुसते, मग एखादा एसयूव्हीवाला इंडिकेटर न देता घुसतो आणि वर आपल्यालाच हॉर्न मारतो. मी गेले काही महिने मोजतेय. कोणी घुसलं की मी अॅक्सिलरेटर थोडा सोडते आणि परत तेवढं अंतर पाडते. एका घुसण्याचे मला दोन सेकंद जातात. वारजे ते कात्रज फार तर दहा-बारा जण घुसतात, म्हणजे पंचवीस सेकंद. कात्रजच्या एका सिग्नलला मी याहून जास्त वेळ नुसती बसून असते.

बाकी मोजायचं कसं ते मी मुलीला शिकवताना काढलेली युक्ती सांगते, फुकट घ्या. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी किंवा पुलाच्या सावलीपाशी आली की म्हणायला सुरुवात करायची, "गणपती बाप्पा मोरया", मिरवणुकीत ओरडतो तसं नाही, आरतीनंतर म्हणतो तसं सावकाश. बरोबर दोन सेकंद होतात, मी घड्याळ लावून बघितलंय. ते पूर्ण म्हणून व्हायच्या आत तुम्ही त्या खांबापाशी पोचलात तर तुम्ही चिकटलेले आहात. पाऊस असेल, रात्र असेल, पुढे ट्रक असेल तर "मंगलमूर्ती मोरया" पण म्हणायचं, चार सेकंद. ऐंशीच्या स्पीडला दोन सेकंद म्हणजे ४४ मीटर, छोट्या गाड्या एकापुढे एक लावल्या तर दहा-अकरा. विद्यार्थ्याला हे एकदा खाली उतरवून पावलांनी मोजून दाखवा, तो "एवढं?" म्हणेल. मीही म्हणाले होते.

अजून एक, मोकळ्या मैदानात नेऊन चाळीसच्या स्पीडला एकदा तरी कचकन ब्रेक मारायला लावा, म्हणजे ते थडथडणारं पेडल पहिल्यांदा तुमच्या शेजारी बसून कळेल, काकांच्या डिकीत नाही. सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढी जागा सोडायची, आणि मागचा पूर्ण थांबेपर्यंत ब्रेकवरचा पाय काढायचा नाही, म्हणजे दिवा चालू राहतो आणि धडक बसलीच तर गाडी पुढच्यावर जायचा धोका कमी होतो. ब्रेकचे दोन्ही दिवे लागतात का ते भिंतीजवळ गाडी लावून महिन्यातून एकदा बघायचं. आणि पावसात चारी इंडिकेटर लावून चालणारे जे महाभाग आहेत त्यांना कोणी शिकवलं हो ते? थांबलेली गाडी कुठली आणि चालणारी कुठली, वळणारी कुठली, काही कळत नाही मागच्याला.

आणि ठोकलंच तर काय करायचं यावर पंधरा मिनिटं द्या की. कोणाला लागलंय का ते आधी. मग जमत असेल तर गाड्या हलवायच्या आधी फोटो, लांबून एक, जवळून एक, रस्त्यावरच्या टायरच्या खुणांचा एक. मग बाजूला घ्या, चारी इंडिकेटर लावा, त्रिकोण ठेवा, ते त्याच्यासाठी असतात. कोणी जखमी असेल तर दवाखान्यात नेणं आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं हे ड्रायव्हरवर बंधनकारक आहे, पळून गेलं की जिथे आपण २० टक्के ठरलो असतो तिथे आपणच सगळं अंगावर ओढून घेतो. माझा विमा होता, पण आपल्या पॉलिसीत दुसऱ्याच्या गाडीच्या नुकसानीचंही कव्हर असतं हे मला चौकीबाहेर उभी असताना माहीतच नव्हतं, मला वाटलं थर्ड पार्टी म्हणजे फक्त माणूस मेला तर. आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जाईल म्हणून खिशातून द्यायचं की क्लेम करायचा, हा हिशोब मी पावसात उभी राहून डोक्यात करत होते, चुकलाच तो.

हे सगळं आता का लिहितेय, तर मुलीला अठरा पूर्ण झाली. लर्निंग लायसन्स घरी बसून निघालं, आता तुमच्यापैकीच कोणाकडे तरी फी भरायची आहे. आत्तापर्यंत तीन ठिकाणी फोन केला आणि तिघांनाही एकच प्रश्न विचारला, पुढच्या गाडीपासूनचं अंतर तुम्ही कितव्या दिवशी शिकवता? पहिल्यांनी एसी गाडीचे किती आणि बिनएसीचे किती ते सांगितलं. दुसरे म्हणाले टेस्टची गॅरंटी आमची. तिसरे सर जरा वेळ थांबले आणि म्हणाले, "मॅडम, ते चालवता चालवता येतं."

त्या तिसऱ्या सरांनी निदान विचार तरी केला, म्हणून सोमवारपासून साडेसहाच्या बॅचला आम्ही त्यांच्याकडे येतोय. मी मागच्या सीटवर बसणार आहे. मधेच "गणपती बाप्पा" ऐकू आलं तर दचकू नका.

आपली,
एक जुनी विद्यार्थिनी, जिच्याकडून काकांना पहिला, लहान झटका बसला